शेवटच्या बोलीचा भाव

१० फेब्रुवारी

चिंगे,

आशीर्वाद सध्या राखून ठेवलेत. हे पत्र कामाचं आहे.

ईमेल केला असता तर तू विमानतळावर उभ्या उभ्या दोन ओळी खरडून मोकळी झाली असतीस. पत्र निदान फोडावं तरी लागतं. आणि फोनचं म्हणशील, तर दोन वर्षं तू करत नाहीस आणि केलास तरी मी उचलणार नाही, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

तर काम असं. या सत्रापासून आमच्याकडे शेवटच्या वर्षाला एक नवा विषय सक्तीचा झालाय: विजेचा खुला बाजार. पूर्वी एकच मंडळ वीज बनवायचं, तेच तारांवरून आणायचं, तेच बिल पाठवायचं. आता बनवणारे वेगळे, वाहणारे वेगळे, विकणारे वेगळे. बनवणाऱ्यांनी बोली लावायची आणि दर रोज नव्याने ठरायचा. हे तुला मी सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, पण मला सराव हवाय. कारण विषय शिकवणार कोण, तर मी. जन्मभर जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर शिकवलेल्या बाईला विभागप्रमुख म्हणाले, "तुम्हाला काय अवघड आहे? वीज ती वीजच."

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून एक हात वर आला. "मॅडम, त्या बाजारवाल्या बाईंची व्याख्यानं बघितली तर चालतील का?"

बाजारवाल्या बाई म्हणजे तू. अख्ख्या वर्गाने तुझे व्हिडिओ आधीच बघून ठेवलेत. मी तोंड उघडायच्या आत त्यांना पुढचं वाक्य ठाऊक असतं, आणि माझं वाक्य तुझ्यापेक्षा वेगळं निघालं की ते एकमेकांकडे बघतात. तू माझी बहीण आहेस हे मी सांगितलेलं नाही. लग्नाने आडनाव बदललंय, आणि मी बाबांवर गेलेय, तू आईवर, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही. तुझी भाची याच वर्गात आहे, तिसऱ्या रांगेत. वर्गात ती मला मॅडम म्हणते आणि घरी आल्यावर पुन्हा 'आई' म्हणायला तिला अर्धा तास लागतो. तिलाही मी गप्प राहायला सांगितलंय.

यावरून मला तुझा हेवा वगैरे वाटतो असं समजू नकोस. हेवा वाटायला वेळ लागतो आणि माझ्याकडे आठवड्याला अठरा तास आहेत.

फक्त ते पहिलं व्याख्यान. त्यात तू गालात हसून सांगतेस की तू लहान असताना घरात एक छोटासा गिझर होता, गरम पाण्यावरून रोज भांडणं व्हायची, म्हणून तू लिलाव सुरू केलास: सकाळी पहिली आंघोळ हवी असेल त्याने आदल्या रात्री घरकामाची बोली लावायची. आणि पुढे, "माझी ताई नेहमी हरायची." इथे लोक हसतात. चिंगे, लिलाव मी सुरू केला होता. तू तेव्हा गिझरच्या बटणापर्यंत पोचतही नव्हतीस. हे मी दोन वर्षांपूर्वी फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "ताई, एवढ्याशा गोष्टीवरून?" त्या "एवढ्याशा"वर मी फोन ठेवला होता, आणि आजही ठेवला असता.

असो. विभागप्रमुखांची विनंती: तुझी व्याख्यानं वर्गात अधिकृतपणे दाखवायला परवानगी हवी. द्यायची तर दे.

— ताई


२४ फेब्रुवारी

चिंगे,

परवानगी मिळाली. दोन ओळी. त्याही विभागप्रमुखांना, मला नाही. ते ईमेल छापून दारोदार दाखवत होते, "बघा, किती साध्या आहेत बाई!"

आज पहिलं व्याख्यान दाखवलं. दिवे मालवले, पडद्यावर तू आलीस. निळी साडी चांगली होती, केस तसे कापायला नको होते. मी ठरवलं होतं की मागे खुर्चीत बसून शांतपणे वह्या तपासायच्या. गिझरपर्यंत मी शांत होते. "माझी ताई नेहमी हरायची" आलं आणि वर्ग हसला, आणि माझ्या हाताने आपोआप व्हिडिओ थांबवला. तू पडद्यावर तोंड अर्धं उघडं ठेवून थांबलीस. फार छान दिसत नव्हतीस, हे सांगायला आनंद होतो.

मी म्हणाले, "हे खोटं आहे. लिलाव मी सुरू केला होता."

सगळी डोकी मागे वळली. मग पहिल्या बाकावरचा चष्मेवाला हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही... त्या ताई?"

तिसऱ्या रांगेत तुझ्या भाचीने डोकं बाकावर टेकवलं.

पुढचा अर्धा तास शिकवणं झालंच नाही. त्या घरी कशा होत्या, लहानपणापासूनच हुशार का, आमच्याकडे कधी येतील. एक मुलगी तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही किती लकी आहात!" मी त्या वर्गाला गेल्या सत्रात ट्रान्सफॉर्मर शिकवला होता. एकानेही मला लहानपणी कशी होते ते विचारलं नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते काय, हे मला आज पंखा, फळा आणि साठ साक्षीदारांसकट कळलं.

घरी आल्यावर मी आईलाच विचारलं. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. ती शेंगा सोलत होती.

"आई, गिझरचा लिलाव कुणी काढला होता? मी की चिंगीने?"

"कसला लिलाव?"

"पहिली आंघोळ कुणाची, त्याची बोली लावायचो ते."

"ते होय!" आई म्हणाली. "ते मी काढलं होतं. तुम्ही दोघी भांडायचात, मला सकाळी डोक्याला ताप. म्हटलं जी जास्त काम करेल तिची पहिली आंघोळ. दोघी एकमेकींच्या वरचढ बोलत सुटायचात, आणि माझी भांडी, झाडू, फरशी सगळं रात्रीतच व्हायचं." मग तिने एक शेंग तोंडात टाकली. "फार बरे दिवस होते."

तुझे भावजी वर्तमानपत्राआड हसत होते. वर्तमानपत्र हलत होतं म्हणून कळलं.

तर लिलाव तुझाही नव्हता आणि माझाही नव्हता. पण मी तो माझा समजून कुणाला सांगत फिरले नाही, एवढा फरक आपल्यात राहतोच.

— ताई


९ मार्च

चिंगे,

उत्तर नाही. ठीक आहे.

आता मी व्याख्यानं दाखवायची बंद केलीत आणि माझा स्वतःचा खेळ सुरू केलाय. वर्गाचे गट पाडले. पाणीवाले, कोळसावाले, गॅसवाले आणि तेलवाले. प्रत्येक गट म्हणजे एक वीजकेंद्र. युनिटमागे खर्च पाणीवाल्यांना दोन पॉइंट, कोळशाला चार, गॅसला सहा, तेलाला नऊ. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला दर लिहून द्यायचा. चिठ्ठ्या आल्यावर मी मागणी जाहीर करते आणि स्वस्तापासून वर घेत जाते. मागणी पुरी करायला जो शेवटचा लागला, त्याचा दर सगळ्यांना. तुझ्या पुस्तकातलाच नियम. शेवटी ज्याचा नफा जास्त त्याला अंतर्गत परीक्षेचे दहा गुण. गुण म्हटल्यावर मुलं जागी झाली, पुतळ्यात जीव आल्यासारखी.

दुसऱ्याच फेरीला कोळसावाल्यांनी जाहीर केलं की त्यांचा अर्धा कारखाना बंद आहे.

"का?"

"बॉयलर बिघडला, मॅडम."

"चिठ्ठीवरच्या कारखान्याचा बॉयलर कसा बिघडेल?"

"सकाळपासून वास येत होता."

वीज कमी पडली, तेलवाले लागले, दर नऊवर गेला आणि बंद अर्ध्याचा तोटा भरून काढून कोळसावाले वर कमावून बसले. मी त्यांना दंड लावला. पण मनातून कौतुक वाटलं, कारण हे मी शिकवलं नव्हतं आणि तूही नाही.

खरं भांडण निघालं ते पाणीवाल्यांवरून. त्यांची पुढारी तुझी भाची. ती प्रत्येक फेरीला चिठ्ठीवर मुकाट आपला खरा खर्च, दोन, लिहिते आणि तेल लागलं की नऊचा भाव घेऊन जाते. तेलवाले खवळले. "हिने काही केलंच नाही, मॅडम! पाणी आपोआप येतं आणि भाव आमच्या तेलाचा! आयत्या बिळावर नागोबा!"

मुलगी शांतपणे म्हणाली, "नियम तसा आहे. शेवटच्याचा भाव सगळ्यांना मिळतो म्हणून तर कुणाला खोटं लिहावं लागत नाही. सहाव्या व्याख्यानात आहे."

कुणाच्या ते तिने सांगितलं नाही. गरजच नव्हती.

आता तुला लिहितेय म्हणून खरं लिहिते. मला तेलवाल्यांचं पटलं असं नाही. "सहाव्या व्याख्यानात आहे" हे माझ्या पोटच्या पोरीने माझ्या वर्गात माझ्यासमोर म्हटलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: पुढच्या फेरीपासून जो जेवढं मागेल त्याला तेवढंच मिळेल. दोन मागितले, दोन घ्या.

तेलवाल्यांनी बाकं वाजवली. मला फार बरं वाटलं. तुझा नियम तीन पानांचा आहे, माझा एका ओळीचा. दर खाली येतो की नाही ते पुढच्या पत्रात कळवते.

— ताई


१७ मार्च

चिंगे,

कळवते म्हणाले होते म्हणून कळवते. हात दाखवून अवलक्षण झालं.

नव्या नियमात दोन लिहिले तर दोनच मिळतात, नफा शून्य. त्यामुळे कुणी आपला खर्च लिहिलाच नाही. तास सुरू व्हायच्या आधी सगळे एकच विचार करत होते: तेलवाले काय लिहितील? कारण शेवटचे तेच, मग त्यांच्या जरा खाली राहिलं की झालं. कोळसावाल्यांनी पावणेनऊ लिहिले, गॅसवाल्यांनी नऊ. तेलवाल्यांना वाटलं आपण आता फार महाग दिसू, म्हणून त्यांनी जेमतेम सव्वानऊ लिहिले. आणि पाणीवाल्यांनी, म्हणजे तुझ्या भाचीने, अंदाज बांधला की तेलवाले गेल्या वेळचा राग काढून अकरा तरी लावतील. तिने साडेदहा लिहिले.

मी मागणी जाहीर केली. त्या दिवशी ती जरा कमी होती. कोळसा, गॅस आणि तेलातच भागली. पाणीवाले बाहेर.

म्हणजे बघ, सगळ्यात स्वस्त पाणी धरणावरून वाहून गेलं आणि सगळ्यात महाग तेल जळलं. एवढ्या मागणीला जुन्या नियमात दर सहा आला असता, इथे तो नऊच्या आसपास निघाला. दर पाडायला गेले आणि चढवून आले. फळ्यावर आकडे मांडले होते, पुसताही येईना.

चष्मेवाला म्हणाला, "मॅडम, हे नवव्या व्याख्यानात—"

"माहीत आहे," मी म्हणाले. माहीत नव्हतं. मी आठव्यावरच थांबले होते.

तासानंतर सगळे गेले. तुझी भाची चिठ्ठ्या गोळा करत मागे राहिली. मी म्हटलं, "तू तरी खरं लिहायचंस."

"खरं लिहून काही मिळणार नव्हतं, मॅडम."

"वर्ग सुटलाय. आई म्हण."

"मिळणार नव्हतं, आई."

घरी येऊन मी दार लावून नववं व्याख्यान पाहिलं. तू फार चांगलं शिकवतेस. हे वाक्य लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलंय. तू त्यात एकदाही फळ्याकडे वळत नाहीस, समोरच्याकडेच बघत राहतेस, आणि ज्या मुलाला कळलेलं नसतं त्याच्याकडे परत परत येतेस. मी फळ्याशी बोलते. आणि हे मला पहिल्यांदाच दिसलं, तेही तुझ्यामुळे. त्याचाही राग आलाच.

वर्गात उद्या जुना नियम परत आणणार आहे. तुला हे कळवायला नको होतं, पण कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि दुसरं कुणी सुचलं नाही.

— ताई


३ एप्रिल

चिंगे,

आज विभागप्रमुखांनी मला जिन्यात गाठलं. हातात हात घेऊन म्हणाले, "अभिनंदन! लेक मावशीच्या विद्यापीठात शिकायला चालली! मी तिला शिफारसपत्र दिलंय, अगदी कडक. घराण्याचं नाव काढणार पोरगी."

मी म्हणाले, "हो ना." आणि हसले. दोन जिने उतरून प्रयोगशाळेत आले, मुलं मोटारीचा वेग मोजत होती, मी त्यांना म्हटलं बरोबर आहे. बरोबर नव्हतं.

तर हे चाललंय तुझं. दोन वर्षं मला एक पत्र नाही आणि माझ्या मुलीला मागल्या दाराने बोलावणं. गिझरची गोष्ट नेलीस, माझा वर्ग नेलास, विभागप्रमुख तर तुझे भाटच झालेत, तेवढ्याने पोट भरलं नाही म्हणून आता ही. तुझ्याकडे रिकामी खोली असेल. माझ्याकडे नाही, कारण माझ्याकडे माणसं राहतात.

तुला काय माहिती तिच्याबद्दल? परीक्षेच्या आधी ती जेवत नाही, भांडते. ते भांडण काढावं लागतं, नाहीतर पेपर बिघडतो. अशी कितीतरी कामं मी वीस वर्षं केलीत आणि त्यांचा कुणी व्हिडिओ काढलेला नाही. तू आयती हुशार, उंच, नीट वाढलेली मुलगी घेणार, आणि दोन वर्षांनी लोक म्हणणार, हुबेहूब मावशी.

तिला मी काही बोलले नाही. रात्री जेवताना फक्त विचारलं, पुढे काय ठरवलंयस? ती ताटात बघत म्हणाली, "इथल्या वीज कंपनीत नोकरी मिळतेय. घेईन म्हणते." मी म्हणाले, "तुझी मर्जी." तिचे बाबा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ द्या कुणीतरी."

माझा जळफळाट झालाय, चिंगे. घे, लिहिलं. पहिल्या पत्रात हेवा नाही म्हणाले होते, ते साफ खोटं होतं.

उत्तर दे. निदान भांडायला तरी दे.

— ताई


२२ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, चार पानी. अक्षर अजून तसंच, मुंग्या औषध खाऊन पडल्यासारखं. आईने पाकीट हातात घेऊन वास घेतला आणि मग मला दिलं.

तू लिहितेस की तुला आजवर खरोखर वाटत होतं लिलाव तूच काढला होतास. बरं. आईचं म्हणणं तुला पटलं, तसं मलाही पटवून घ्यावं लागलं.

तू लिहितेस की मी रागावते तेव्हा तुला लहानपणीसारखी धडकी भरते, म्हणून फोन केला नाहीस. चांगलं आहे. भरायलाच हवी.

पण मग तू लिहिलंस की तू तिला बोलावलं नाहीस. तिने विचारलं. मागच्या वर्षी, स्वतःहून, आणि आईला सांगू नकोस म्हणाली. मला तू दोषी हवी होतीस, तेवढीही सोय तू मला ठेवली नाहीस, चिंगे. तू ओढून नेलं असतंस तर मी तुझ्याशी आणखी दहा वर्षं बोलले नसते आणि सुखात राहिले असते. तिलाच जायचंय, हे मी त्या पानावर किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

रविवारी आम्ही दोघी गच्चीवर चादरी वाळत घालत होतो. मी विचारलं, "मावशीला तू आधी विचारलंस?"

तिने चिमटा तोंडातून काढला. "हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय म्हणशील ते ठाऊक होतं."

"काय म्हणाले असते?"

"'तुझी मर्जी.'"

"आणि ती इथली नोकरी?"

"मला वाटलं तुला तेच ऐकायचं असेल."

आता तू म्हणशील, ताई, हे पाणीवाल्यांसारखंच झालं. म्हणू नकोस. मला कळलंय, आणि कळल्याबद्दल शाबासकी तुझ्याकडून नकोय.

मी चादरीचं टोक धरून उभी होते. म्हटलं, "मग माझं खरं ऐक. मला तू जायला नकोयस. कुठेच नकोयस, आणि तिच्याकडे तर मुळीच नको. मला तिचा हेवा वाटतो. लहानपणापासून वाटतो. ती खोलीत आली की मी खोलीत असल्याचं कुणाच्या लक्षात राहत नाही. एक तू होतीस जी माझ्याकडे बघायची."

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "एवढंच?"

"अजून आहे. तू तिच्यासारखी होशील. आणि तशी झालेली तू मला आवडशील, याची मला भीती वाटते."

चादर वाऱ्याने दोघींच्या मध्ये आली. पलीकडून ती म्हणाली, "मग मी जाते."

"म्हणजे? मी आत्ता काय सांगितलं?"

"तेच की. 'तुझी मर्जी' म्हणायचीस तेव्हा माझा पाय निघत नव्हता. वाटायचं, मी गेले काय आणि राहिले काय, हिला काहीच नाही. मग मी कशाला जाऊ, आणि राहू तरी कशाला? आता कळलं ना." मग तिने चादर बाजूला केली. ती रडत होती. "आणि आई, मला तुझ्या वर्गात बसून तुझी मुलगी असण्याचा भयंकर कंटाळा आलाय. मावशी मला शिकवणारही नाही, तिचा विभाग वेगळा आहे. तिथे मी कुणाचीच नसेन. मला ते हवंय."

माझं खरं मी सांगितलं आणि लिलावातून मीच बाहेर पडले. पण तिचं खरं मला पहिल्यांदाच कळलं, तेही माझ्या तोंडावर. खालून आईने हाक मारली, "काय गं, चादर पडली का?" आम्ही दोघी एकदम ओरडलो, "नाही!"

तू शेवटच्या पानावर लिहिलंयस की तुला ती खरंच हवीय, आणि घरात कुणाची तरी चाहूल असावी असं हल्ली वाटतं. हे तू मला स्पष्ट लिहिलंस. वाचून मला आणखी हेवा वाटला, पण निदान कशाचा ते नीट कळलं.

— ताई


११ ऑगस्ट

चिंगे,

शनिवारी ती तुझ्या दारात असेल. हे पत्र आधी पोचावं म्हणून घाईने लिहितेय.

शेवटचा तास झाला तेव्हा वर्गाने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही लहानपणी कशा होता?" तुझ्या भाचीने पढवलं असणार. मी म्हटलं, भांडखोर. सगळ्यांनी माना डोलावल्या, त्यांना ते आधीच माहीत होतं.

घर शांत झालंय. तिने सामान बांधायला घेतल्यापासून तिचे बाबा विनाकारण बाजारात जातात आणि लागत नसलेल्या वस्तू घेऊन येतात. आईने तिला जवळ बसवून विचारलं, तिकडे आंघोळीला गरम पाणी असतं का गं? मी कपाट आवरते. आवरलेलं पुन्हा आवरते.

आता तिच्याबद्दल ऐक. सकाळी तिच्याशी बोलू नकोस, उत्तर उलटं मिळेल आणि दुपारपर्यंत तिलाच वाईट वाटत बसेल. अभ्यास करताना ती मोठ्याने वाचते, तेव्हा दार लावून घे, सांगू नकोस. "मी ठीक आहे" म्हणाली तर खरं मानायचं. "मी एकदम ठीक आहे" म्हणाली तर तिच्याजवळ जाऊन बसायचं. तिला तुझी निळी साडी आवडते. एखाद्या वेळी नेसायला दे. फोटो मला पाठवू नकोस. पाठव.

लोक म्हणतील, हुबेहूब तुमच्यासारखी दिसते. तू हसून घेऊ नकोस. सांग, ही माझ्या ताईची आहे. नाही सांगितलंस तर मी तिथे नसले तरी मला कळेल.

मी तुझ्यावर जळते, चिंगे, आणि शनिवारपासून आणखी जळणार. तू तिची नीट काळजी घेशील, याच गोष्टीने मला झोप लागेल आणि याच गोष्टीने मी जागीही राहीन. दोन्ही खरं आहे, त्यातलं एक निवडायला मला सांगू नकोस.

आणि एक. ताप चढला की ती "आई" अशी हाक मारते, समोर कोणी का असेना. एकदा डॉक्टरांना म्हणाली होती. तुला म्हणाली तर तू ओ देऊ नकोस. औषध दे, कपाळावर पट्टी ठेव, आणि फोन तिच्या कानाशी धर. ओ मी देईन.

— ताई